फोन न आलेली गाडी

वॉरंटीवाल्यांच्या फोनांनी त्या महिन्यात अख्खी इचलकरंजी वैतागली होती. अख्खी म्हणजे ज्यांच्या दारात क्रोनहाइम कंपनीची गाडी उभी होती तेवढी. भिशीला पद्मजा बिरनाळेच्या हॉलमध्ये बायका जमल्या तेव्हा भेळेच्या आधी तोच विषय निघाला.

"आंघोळीला शिरले की फोन!" पद्मजा म्हणाली. "'मॅडम, आपली वॉरंटी संपत आलीय. वाढीव वॉरंटी घ्या, पुढची तीन वर्षं निर्धास्त राहा.' म्हटलं, बाई, तू फोन ठेवलास की मी आत्ताच निर्धास्त होते."

"माझी तर त्या पोरीशी मैत्रीच झालीय," दुसरी म्हणाली. "परवा विचारत होती, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?"

हशा पिकला. त्रिशला मगदूम मात्र भेळेचा घास तोंडाशी नेऊन थांबली. मांडीवर दोन वर्षांची शर्वी चुरमुरे वेचत होती.

"मला एकदाही नाही आला," ती म्हणाली.

"पुण्यवान आहेस! बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन देवापुढे नारळ ठेवून ये."

सगळ्यांबरोबर त्रिशलाही हसली. पण घरी परतताना ते हसू वाटेतच कुठेतरी गळून पडलं.

काळजी ही तिची जुनी सोबतीण. शर्वी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघायचं, बाहेर पडताना जिन्यातून परत वर जाऊन गॅसचं बटण तपासायचं. साधा खोकला झाला तरी डॉक्टर सुनंदा हुक्केरींना फोन. त्या मुलांच्या डॉक्टर. एकदा आपला घरचा नंबर हिला देऊन बसल्या आणि नंतर पस्तावल्या. घरात सगळ्यांनी या काळजीला हसून घ्यायची सवय केली होती. पण शर्वी व्हायच्या आधी त्रिशला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, आणि पहिल्याच तासाला मुलांना सांगायची, "जे आलं ते कुणीही मोजतं. जे आलं नाही, त्याच्याकडे बघायला शिका."

फोन आला नव्हता. का?

गाडी घेतली त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. या भागात मोठी वस्तू एकट्यानं घेण्याची रीत नाही. यंत्रमाग घ्यायचे तर चार घरं मिळून, सोलरची पॅनेल घ्यायची तर गल्ली मिळून. क्रोनहाइमची ती लांबलचक, मखमली सीटांची सेडान घ्यायची ठरली तेव्हा सूतगिरणीचे अध्यक्ष भूपाल अण्णा चौगुले यांनी अर्ध्या गावाला एकत्र केलं आणि कंपनीला सरळ विचारलं, "गठ्ठ्यानं घेतो. काय देता?" गाड्या एकाच दिवशी आल्या, एकाच लॉटच्या, हळदीकुंकू लावून, हार घालून. वाजतगाजत मिरवणूक निघाली. मांडवात स्टेजवर तीन गाड्या चढवल्या: अण्णांची, डॉक्टर हुक्केरींची, आणि खटपट करणारा म्हणून त्रिशलाच्या नवऱ्याची, अभिनंदनची. चढायला फळ्यांचा उतार होता. उतरायला उतार करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. "काय होत नाही, सोडा!" असं अण्णा म्हणाले आणि तिन्ही गाड्या स्टेजच्या कडेवरून तशाच खाली सोडल्या. धप्प, धप्प, धप्प. प्रत्येक धप्पला टाळ्या.

आता या गाडीचं खरं वैशिष्ट्य तिच्या सीटांत नव्हतं, तिच्या कानांत होतं.

धातूत भेग पडली की ती गप्प बसत नाही. ताण आला की केसाहून बारीक भेग कणाकणानं पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी टिचकी वाजावी तसा आवाज करते. तो आवाज इतका तीव्र सुराचा की माणसाला तर नाहीच, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. पुलांचे गर्डर आणि विमानांचे पंख तपासायला हे तंत्र पूर्वीपासून वापरलं जाई. क्रोनहाइमनं ते गाडीत आणलं. चाकांपासून स्टिअरिंगपर्यंत प्रत्येक महत्त्वाच्या भागात ओततानाच काचेचा एक तंतू सोडलेला असे. तो तंतू म्हणजे त्या भागाचा कान. ऐकलेलं सगळं कंपनीच्या संगणकाकडे जाई, आणि जगभरातल्या लाखो गाड्यांची कुरकुर ऐकून शहाणा झालेला तो संगणक सांगे, हा भाग अजून इतकी वर्षं टिकेल, तो इतके महिने.

सांगे, पण कंपनीला. मालकाच्या डॅशबोर्डवर दिवा लागायचा तो प्रत्यक्ष बिघाड झाल्यावरच. "अंदाज म्हणजे दोष नव्हे," असं करारात लिहिलेलं होतं, आणि हार घालायच्या घाईत सगळ्यांनी त्याखाली सही केली होती.

संध्याकाळी अभि घरी आला तेव्हा तिनं विषय काढला. सासूबाई समोर होत्या, म्हणून "अहो"नं.

"अहो, आपल्याला वॉरंटीचा फोन आला का कधी?"

"नाही. बरंच आहे की."

"सगळ्यांना येतो. आपल्याला का नाही?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "फोन येईना म्हणून झुरणारी बाई पहिल्यांदाच बघितली गं तिरशला," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी झुरायचं असतंय ते."

अभि मोठ्यानं हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "एवढं वाटतंय तर तूच लाव फोन. तसाही विचार करायचाच आहे, घ्यावी का न घ्यावी."

दुसऱ्या दिवशी तिनं लावला. पलीकडे यामिनी नावाची मुलगी होती, आवाज साखरेचा. गाडीचा नंबर ऐकला आणि साखर जरा विरघळली.

"सॉरी मॅडम, आपल्या गाडीसाठी सध्या योजना उपलब्ध नाही."

"का?"

"सिस्टीम दाखवत नाहीये, मॅडम."

"शेजारच्या गाडीला दाखवते. त्याच दिवशी घेतलेली, तीच गाडी."

"हो मॅडम, पण... आमच्या हातात काही नसतं ना. सिस्टीम जी यादी देते त्यांनाच आम्ही फोन करतो." मुलगी जरा अडखळली. "मॅडम, तुम्ही एकदा गाडी दाखवून घ्या ना कुठेतरी."

त्रिशलानं फोन ठेवला. विमा आणि वॉरंटी यांचा जुना हिशेब तिनं वर्गात शिकवला होता. पूर्वी घेणाऱ्याला जास्त माहिती असायची. ज्याची गाडी कुरकुरते तोच वॉरंटी घ्यायला धावायचा, आणि कंपनी बुडू नये म्हणून सगळ्यांनाच महाग लावायची. आता पारडं उलटं फिरलं होतं. गाडीचं दुखणं कंपनीला आधी कळत होतं. जी ठणठणीत, तिच्या मालकाला घाबरवून वॉरंटी विकायची. जी आजारी, तिच्याकडे फिरकायचंच नाही. म्हणजे तो कटकटीचा फोन हाच प्रकृती उत्तम असल्याचा दाखला होता. आणि जिथे फोन वाजत नव्हता तिथे...

तिनं खिडकीतून खाली बघितलं. मोतिया रंगाची सेडान उन्हात चमकत होती. मागच्या सीटवर शर्वीची खुर्ची पट्ट्यांनी आवळलेली होती.

शनिवारी अभिच्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. रत्नागिरीला. आंबा घाट उतरून.

आणखी कुणाला फोन येत नाही, हे शोधायला तिला फार फिरावं लागलं नाही. भूपाल अण्णा स्वतःच सांगत सुटले होते. "मला? मला फोन करायची टाप आहे का त्यांची? आधीच दम दिलाय. चौगुलेंच्या नादाला लागायचं नाही म्हणून!"

"अण्णा, तुम्ही दम दिला तेव्हा त्यांनी फोन केला होता का?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "करणार होतेच की."

तिसरं नाव डॉक्टर हुक्केरींचं निघालं. "मला वाटलं, मी डॉक्टर म्हणून संकोच करतात," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी त्रिशलाकडे पेशंटची आई म्हणून नव्हे, तर नीट बघितलं. "आपल्या तिघांत सारखं काय आहे गं?"

त्रिशलाच्या कानात टाळ्या वाजल्या. धप्प, धप्प, धप्प.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं संगणक जोडला आणि निर्वाळा दिला: दोष नाही. अभिनं तो फोनवरच तिला दाखवला. "बघ. सगळं हिरवं."

"अभि, ते फक्त झालेला बिघाड दाखवतात. होऊ घातलेला नाही." आता दोघंच होते, म्हणून "अभि".

"तिरू, ऐक. गॅसचं बटण मी समजू शकतो. शर्वीचा श्वास समजू शकतो. पण आता फोन आला नाही म्हणून गाडी मोडणार? ताईला काय सांगू? माझ्या बायकोला शांतता ऐकू येते?"

शब्द लागला. तो तिला दुखवायला बोलला नव्हता, म्हणून जास्तच लागला. एवढी वर्षं सगळे हसत होते तेव्हा तीही त्यांच्यात सामील होत होती. आता तिला हसू आलं नाही.

"शर्वी त्या गाडीतून घाट उतरणार नाही," ती म्हणाली. "तू एक कर. शिरोलीला रेहाना आहे, माझ्याबरोबर कॉलेजात होती ती. फाउंड्रीत ओतकाम तपासते. उद्या गाडी तिच्याकडे नेऊ. तिथे काही निघालं नाही, तर ह्यापुढे तुझ्या गाडीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. जिन्यातून परतसुद्धा फिरणार नाही."

"गॅससाठीसुद्धा?"

"गॅससाठीसुद्धा."

अभि थबकला. एवढी मोठी पैज तिनं आजवर लावली नव्हती.

रेहाना मुजावरनं चष्मा डोक्यावर सरकवून सगळं ऐकून घेतलं आणि हसली नाही. गाडी रॅम्पवर चढली. पुढचं चाक निघालं. आत चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा, दोन फाट्यांचा, अॅल्युमिनियमचा तुकडा होता.

"ह्याला लोअर आर्म म्हणतात," रेहाना अभिला म्हणाली. "कडेवरून आदळली तर मार ह्याच्यावर येतो. भेग असेल तर डोळ्याला दिसणार नाही. रंगाला दिसेल."

तिनं तुकडा चकचकीत पुसला, त्यावर लालभडक पातळ रंग फवारला आणि ते थांबले. रंगाला भेगेत शिरायला वेळ लागतो. मग तिनं वरचा सगळा रंग पुसून काढला, पुन्हा एकदा पुसला आणि पांढरी पूड फवारली. भेग असेल तर आत शिरलेला रंग ती पूड बाहेर ओढून घेते.

उजवीकडचा तुकडा पांढराशुभ्र राहिला. बघता बघता वेळ गेला, पण तो तसाच राहिला.

अभिचे खांदे सैल झाले. त्रिशलानं ते बघितलं. तिला वाटलं, आता आयुष्यभर जिन्यातून सरळ खाली उतरायचं, मागे वळून न बघता. आणि खरंच काही असलं तर?

"डावी बाजू," रेहाना म्हणाली.

पुन्हा पुसणं, पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. आधी काहीच नव्हतं. मग जिथे दोन फाटे एकत्र येतात त्या कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. ठिपके एकमेकांना भेटले आणि पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली, बोटाएवढी, कुंकवाची काडी ओढावी तशी.

 बाहेर एक ट्रक भंगार ओतत होता.

"घाटातल्या वळणावर पूर्ण भार ह्याच्यावर येतो," रेहाना म्हणाली. "कदाचित वर्षभर टिकला असता. कदाचित उद्या सकाळी गेला असता. मी माझ्या मुलाला बसवलं नसतं."

अभिनं खिशातून किल्ली काढली, त्रिशलाच्या हातात ठेवली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ आवळली.  संध्याकाळी ते एसटीनं रत्नागिरीला निघाले तेव्हा अर्ध्या जिन्यातून परत तोच वर पळाला. खाली येऊन म्हणाला, "गॅस बघितला. बंद आहे."

पुढच्या आठवड्यात अण्णांच्या आणि डॉक्टरांच्या गाड्या शिरोलीला गेल्या. दोन्हींत रेघा निघाल्या. आपल्या गाडीतल्या रेघेचा फोटो बघून अण्णा खुर्चीतच बसले. त्यांचा नातू रोज त्याच गाडीतून शाळेत जात होता.

तिघांनी ते फोटो कंपनीकडे पाठवले. कंपनीनं आधी गुपचूप निरोप पाठवला: तिघांचे भाग फुकट बदलून देऊ, फक्त बोभाटा नको. अभिनं त्रिशलाकडे बघितलं. पूर्वी त्यानं परस्पर हो म्हटलं असतं.

"आपल्या तिघांचं होईल," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या बाईचा फोन असाच वाजत नसेल. तिच्या गावात भिशी असेल, पण सगळ्यांच्या दारात एकाच कंपनीची गाडी नसेल. तिला कळणार कसं?"

म्हणून सूतगिरणीच्या सभागृहात सभा भरली. कंपनीकडून विभागीय व्यवस्थापक रेगे आले, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्यांनी मिरवणुकीचा व्हिडिओच पडद्यावर लावला. धप्प. टाळ्या. धप्प. टाळ्या.

"नुकसान आपणच केलंत," रेगे मऊपणे म्हणाले. "हा उत्पादनातला दोष नाही."

 अण्णांची मान खाली गेली. त्रिशला उठली. तिच्या कडेवर शर्वी होती आणि तिनं आईचं मंगळसूत्र चघळायला घेतलं होतं.

"भेग आमची," त्रिशला म्हणाली. "टाळ्यासुद्धा आमच्या. कबूल. आर्मचे पैसे आम्ही भरू. पण साहेब, भेग वाढत होती ती तुम्हाला ऐकू येत होती ना?"

"आमची प्रणाली संभाव्यता..."

"ऐकू येत होती. म्हणून तर आम्हा तिघांना फोन केला नाहीत. आम्हाला वॉरंटी विकण्यात तोटा आहे एवढं तुम्हाला कळलं, पण त्या गाडीत लेकरू बसतं हे सांगावंसं नाही वाटलं. माझ्या मुलीचा ताप डॉक्टरांना कळला आणि त्यांनी मला न सांगता फक्त औषधवाल्याला सांगितला, तर त्यांना आपण काय म्हणू?"

"मी तरी डॉक्टर म्हणणार नाही," सुनंदा हुक्केरी मागून म्हणाल्या. सभागृहात खसखस पिकली.

रेगेंनी टाय सैल केला. "मॅडम, करारात स्पष्ट आहे. तो डेटा कंपनीच्या मालकीचा आहे."

"असू दे. पण कान आमच्या गाडीत आहेत." तिनं सभेला मुद्दाम बोलावलेल्या रेहानाकडे बघितलं. रेहानानं काचेच्या तंतूंची जोडणी कुठे असते ते दाखवलं; बोनेटखाली, एक निळी पिन. त्रिशला रेगेंना म्हणाली, "ही काढली तरी गाडी उत्तम चालते. तुमचा संगणक मात्र बहिरा होतो. लाखो गाड्यांची कुरकुर ऐकूनच तो शहाणा झाला ना? मग आमच्या गाड्यांची त्यानं ऐकू नये."

आता भूपाल अण्णा उठले. आयुष्यभर ज्या कामात ते तरबेज होते ते समोर आल्यावर त्यांच्या अंगात पुन्हा वारं भरलं.

"साहेब, गठ्ठ्यानं घेतल्या होत्या," ते म्हणाले. "पिनाही गठ्ठ्यानं काढू. सांगली, जयसिंगपूर, निपाणी, सगळीकडे आमचे पाहुणे आहेत. त्यांच्याकडेही तुमच्याच गाड्या आहेत. काय देता बोला."

बाहेर आवारात बोनेटं उघडायला सुरुवात झालीसुद्धा होती. पद्मजा बिरनाळे निळी पिन हातात नाचवत दारात आली. "लई सोपं हाय गं! भांड्याचं झाकण निघावं तसं निघतंय!"

रेगे फोन घेऊन बाहेर गेले. दुपारपर्यंत ते आवारात येरझाऱ्या घालत, कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी जर्मनीतल्या कुणाशी बोलत होते. आत बायकांनी चहा केला, अण्णांनी शर्वीला खांद्यावर घेऊन स्टेजभर फिरवलं, आणि ह्या स्टेजला मात्र दोन्हीकडून उतार आहे हे सगळ्यांना दाखवलं. रेगे परत आले तेव्हा त्यांच्या हातात कंपनीचं लेखी आश्वासन होतं. गाडी जे ऐकते ते त्याच क्षणी मालकालाही दिसेल. इथे, आणि जिथे जिथे क्रोनहाइम धावते तिथे सगळीकडे.

पिना परत लागल्या. त्या रात्री बातम्यांत इचलकरंजीचं नाव आलं. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "आमच्या तिरशलाला आधीपास्नं कळतंय सगळं. मी म्हणतच होते."

नवीन आर्म बसून काही दिवस झाले होते. सकाळची वेळ होती. शर्वी उप्पीट खाण्यापेक्षा केसांना जास्त लावत होती. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, मॅडम, मी यामिनी बोलतेय. आपली वॉरंटी संपत आलीय..."

त्रिशलानं फोन छातीशी धरला आणि ओरडली, "अहो! आला!"

अभि तोंडात ब्रश घेऊन धावत आला. सासूबाई देवघरातून उठून आल्या. फोन स्पीकरवर टाकून तिघंही ओट्याशी उभी राहिली आणि आरतीला उभं राहावं तशा भक्तीनं त्यांनी सगळं ऐकलं: चाकं, स्टिअरिंग, बॅटरी, तीन वर्षं निर्धास्त. यामिनीचं बोलणं आजवर कुणीच शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. शेवटी तीच गोंधळली.

"मग... घेताय ना, मॅडम?"

त्रिशलानं खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. डॅशबोर्डवर हिरवी नोंद होती, सकाळीच बघितली होती. पण एकाच साक्षीदारावर भागवायची तिला सवय नव्हती.

"वॉरंटी नको, यामिनी," ती म्हणाली. "फोन मात्र अधूनमधून करत जा."